साप सरकते, दार लोटतेत

सरकत्या दाराला माझ्याइतक्या शिव्या वाशीम जिल्ह्यात कोणी दिल्या नसतील, आणि त्याच दाराच्या जिवावर माझ्याइतकं पोटही कोणी भरलं नसेल. आम्ही वाढई. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. वडील बैलगाड्या, वखरं, तिफणी करायचे आणि गावोगाव जाऊन घरांची दारं बसवायचे. माझ्या वेळेपर्यंत बैलगाड्या संपल्या. माझ्या वाट्याला आल्या वकिलांच्या केबिनी, ब्यूटी पार्लरं, मोबाइलची दुकानं आणि एका खोलीच्या दोन खोल्या करून राहणारे सख्खे भाऊ. जिथं दार उघडायलाच जागा नाही तिथं लोक सरकतं दार मागतात. आता गुडघे बसू देत नाहीत, म्हणून दुकान बंद केलं. हत्यारं विकलेली नाहीत. बायको रोज विचारते, मी रोज "पाहू" म्हणतो.

बिजागरीचं दार गरीब असतं. त्याला एका बाजूनं धरून ठेवलेलं आहे, ते उघडेल किंवा लागेल, तिसरं काही करणार नाही. सरकत्या दाराला धरलेलं नसतं, नुसतं टांगलेलं असतं. वर चॅनेल, म्हणजे लोखंडी पन्हळ, तिच्यात चाकं आणि चाकांना लटकलेला पल्ला, म्हणजे दाराची फळी. खालून पल्ला हलू नये म्हणून जमिनीवर एक बोटभर गाइड ठोकतात. एवढ्या बोटभर वस्तूवर साऱ्या दाराची अब्रू. ते गाइड सुटलं की पल्ला पाय सोडून बसलेल्या माणसासारखा झुलतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्रीनं काम कच्चं केलं.

कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे मी काचेचं सरकतं दार लावलं होतं. पक्षकार यायचे आणि खांदा लावून ते ढकलायचे. आठवड्यात गाइड तुटलं. मी म्हटलं, साहेब, दारावर 'सरकवा' असं लिहून घ्या. त्यांनी पेंटर बोलावला. पेंटरनं मधला 'व' खाल्ला आणि दारावर झोकदार अक्षरांत 'सरका' लिहून गेला. मग लोक यायचे, वाचायचे आणि मुकाट्यानं बाजूला सरकून उभे राहायचे. वकीलसाहेब आत वाट पाहतायत आणि बाहेर व्हरांड्यात रांग लागली आहे, असं एक दिवस चाललं. ही गोष्ट मी कितीतरी लग्नांत सांगून लोकांना हसवलं. पण पेंटरचा 'व' सोडला तरी आमच्या माणसांच्या तोंडी दाराच्या बाबतीत 'सरकव' हा शब्दच नाही, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. ते शिकवलं आसेगावच्या एका म्हातारीनं.

आसेगावचे गवई सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक चाकावरचं घर विकत घेतलं. आमच्या भागातून मोठा रस्ता गेला तेव्हा त्या कामावरचे इंजिनिअर ट्रेलरमध्ये राहायचे. लांबट डबा, खाली चाकं, जीपला जोडला की निघाला. आत झोपायची खोली, ओटा आणि एका कोपऱ्यात संडास. रस्ता झाला, इंजिनिअर गेले, ट्रेलर विकायला निघाले. सरांनी त्यातला एक घेतला, कागदपत्रं करून घेतली आणि अंगणात बाभळीखाली आणून लावला. गावानं नाव ठेवलं, 'सराचा डब्बा'.

मला बोलावणं आलं ते आतल्या दोन दारांसाठी. एक झोपायच्या खोलीचं, एक संडासाचं. दोन्ही सरकती. "मिस्त्री, गाडी चालली का दोन्ही दारं आपसात भांडतेत," सर म्हणाले. "इकडून तिकडं आपटून राह्यली. मंगरूळपीरपर्यंत गेलो, तं एकाचा कोपरा फुटला."

यात नवल नव्हतं. उभ्या घरातलं दार कोणी हलवलं तर हलतं. चालत्या घरातलं दार प्रत्येक ब्रेकला पुढं आणि प्रत्येक चढाला मागं जातं. मी चाकं बदलली, चॅनेलच्या दोन्ही टोकांना रबराचे ठोकळे बसवले, गाइड नवी ठोकली आणि दोन्ही दारांना हूक लावले. संडासाच्या दाराला एक हूक बाहेरून, प्रवासासाठी, आणि एक आतून, माणसासाठी. पल्ला ओढून पाहिला, मलईसारखा चालला. मी स्वतःवर खूश झालो.

काम चालू असताना सरांची आई घराच्या ओट्यावर बसून माझ्याकडे पाहत असायची. सगळा गाव तिला माय म्हणे. ऐंशीच्या पुढची, काटक, बोटं संधिवातानं वाकलेली. तिच्यासाठीच हा सगळा घाट होता. सरांच्या पत्नी सुनंदाबाई यांनी चहा देताना मला ते सांगितलं.

"आत्याबाईले महाडले जायाचं हाय, तळ्यावर. मामंजी होते तवापासून म्हनतेत. पन बसनं नेताच येत नाही ना त्याइले."

"काहून?" मी विचारलं.

"पानी पेनंच सोडते त्या. गावाले निघायचं म्हटलं का आदल्या सांजपासून घोटभर पानी नाही. मंधात कुठं जायाचं, कोन पाहीन, हेच डोक्यात. अकोल्याच्या लग्नात चक्कर येऊन मांडवातच पडल्या. डाक्टर म्हने, पुन्हा असं केलं तं जीवावर बेतीन."

मला यात नवीन काही वाटलं नाही. माझी आई असंच करायची, बहिणी असंच करतात. आमच्याकडच्या बायांनी किती गावं कोरड्या तोंडानं पाहिली असतील. पण सरांनी त्यावर काहीतरी करायचं ठरवलं, एवढं मात्र नवीन होतं. आईनं वाटेत पाणी प्यावं, एवढ्यासाठी माणसानं संडास असलेलं घर जीपला बांधलं होतं.

मायला घेऊन पहिली फेरी जवळची काढली, शिरपूरपर्यंत. तिकडे सरांची बहीण दिलेली आहे. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, म्हणून सगळे जीपमध्ये. सरांनी आणि सुनंदाबाईंनी सकाळपासून मागं लागून मायला पाणी पाजलं होतं. शिरपूरला मंदिराच्या अलीकडे, बसगाड्या थांबतात तिथं, माय म्हणाली, थांबव. सरांनी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. माय ट्रेलरमध्ये गेली. वारा यावा म्हणून बाहेरचं दार उघडं होतं, सुनंदाबाई पायरीवर उभ्या होत्या. समोर टपरीवर यात्रेकरूंचा मोठा घोळका चहा पीत उभा होता. सुनंदाबाईंना कोणीतरी ओळखीचं दिसलं म्हणून त्या खाली उतरून दोन पावलं पुढं गेल्या, आणि मागं आतलं दार आपलं आपण सरकत उघडलं. पूर्ण.

कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना फिरवल्या. सुनंदाबाई म्हणाल्या, तेच मायला जास्त लागलं. घरी आल्यावर माय एकच बोलली, "मी येत नाही. तुमी जाऊन या."

सरांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, उतरलेला होता. मी दुसऱ्याच दिवशी आसेगावला गेलो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत दारापायी गिऱ्हाइकाची शिवी खाल्ली, पण कोणाची मान खाली गेल्याचं ऐकलं नव्हतं. मला लाज वाटली.

सरांनी आणि मी आधी दोष दिला उताराला. तो खराही होता. घराला पाणसळ एकदाच लावायची असते. ट्रेलरला दर मुक्कामी लावावी लागते, कारण ते घर जिथं थांबेल तिथं नव्यानं तिरपं होतं. दार टांगलेलं, जमीन तिरपी, मग ते उताराकडे जाणारच. मी सरांना लाकडी पाचरी करून दिल्या, आत ओट्यावर पाणसळीची छोटी काचनळी स्क्रूनं बसवून दिली. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, घर सरळ आहे. आधी घर सरळ, मग दार. सरांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच अंगणात ट्रेलर मागेपुढे करून, पाचरी मारून, बुडबुडा मधोमध आणून दाखवला आणि हाक मारली, "माय, ये पाह्याले!"

माय आली नाही.

तेव्हा सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, उताराचं ठीक हाय. पन आतून हूक होता ना? हूक लावल्यावर उतार काय करते?"

मी आणि सर आत जाऊन हूक पाहून आलो. हूक तुटलेला नव्हता, वाकलेलाही नव्हता. म्हणजे लागलाच नव्हता. सर म्हणाले, माय विसरली असेल. सुनंदाबाई म्हणाल्या, "आत्याबाई? त्या कडी इसरत नाहीत. त्या लावतेत कशी, ते पाहा."

मायला ट्रेलरपर्यंत आणायला मला अर्धी सकाळ लागली. सून आणि मुलगा सांगून थकले होते, मी परका होतो, म्हणून माझ्यासाठी उठली असेल. मी तिला म्हटलं, "माय, संडासात बसू नका. नुसतं आत जाऊन दार लावून दाखवा."

ती आत गेली. पल्ला बाहेरच्या अंगाला, भिंतीवरून सरकणारा. तिनं तो खाचेत हात घालून ओढत आणला, बरोबर आणला. आणि शेवटी, दार चौकटीशी आलं तेव्हा, तिनं तळहात टेकवून त्याला एक लोट दिला. बाहेरच्या दिशेनं. जसा आपण सगळे आतून दार लावताना देतो तसा. घराचं दार आत उघडतं, ते बाहेर लोटलं की चौकटीत बसतं. हा पल्ला तर चौकटीच्या बाहेर होता. लोट दिल्याबरोबर खालचं टोक गाइडवरून टपकन सुटलं आणि पल्ला बाहेर झुलला. हुकाचं तोंड कडीपासून दोन बोटं लांब. मायनं वाकड्या बोटांनी हूक टाकला, तो हवेत पडला. संडासात उजेड कमी. तिला वाटलं, लागला.

"माय, लोटू नको ना," सर बाहेरून म्हणाले. "सरकव त्याले. नुसतं सरकव."

माय दार उघडून बाहेर आली. तिला राग आला होता. "सरकव काय? साप सरकते. दार लोटतेत. जनम गेला दारं लोटू लोटू, आता तू मले दार लावाचं शिकवून राह्यला काय?"

मी तर वकिलाच्या 'सरका'वर हसणारा माणूस. मला काय बोलायला तोंड होतं? बाहेर निघताना आम्ही "दार लोटून घे" म्हणतो, रात्री "दार लोटलं का?" म्हणतो. म्हातारीचा हात त्या शब्दाप्रमाणे चालत होता. ऐंशी वर्षांचा हात काही पाटी लावून बदलत नाही. बदलायचं असेल तर दार बदला.

आम्ही बाभळीखाली बसलो. सुनंदाबाईंनी पाणी आणलं. मी ग्लास तोंडाला लावला तेव्हा माय माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"तू सदाशिव वाढयाचा ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"ते दार तुह्या बापानं केलं होतं." तिनं घराकडे हात केला. ते दार आता तिथं नव्हतं, सरांनी घर नव्यानं बांधलं तेव्हा गेलं. पण ती तिथंच पाहत होती. "सागाचं. भली मोठी आगळ होती त्याले. रातच्याले आगळ टाकली का कोनाची छाती नव्हती. लई चांगला कारागीर. तीन दिस काम केलं आमच्या दारी. पानी घरून आनलं होतं त्यानं. आमचं नाही पेला."

ती हे रागानं बोलली नाही. आज ऊन जास्त आहे, असं म्हणावं तसं म्हणाली. वडील त्या वस्तीत कामाला जाताना सायकलला पाण्याचा डबा अडकवायचे, तो मला आठवला. मी लहानपणी विचारलं नव्हतं, आणि मोठेपणी विचारायला वडील राहिले नव्हते. मला वाईट वाटलं. मी ग्लास रिकामा केला आणि खाली ठेवला.

"तसली आगळ पायजे मले," माय म्हणाली. "हे हूक-बिक माह्या बोटाले सापडत नाही."

मग काम सोपं झालं. मी पल्ला बाहेरच्या अंगावरून काढला आणि आतल्या अंगाला टांगला. आता आतून कितीही लोटा, तो चौकटीवरच दाबून बसणार, जितका लोटाल तितका घट्ट. त्यासाठी आतली टॉवेलची दांडी काढावी लागली आणि हात धुवायचं छोटं भांडं दुसऱ्या भिंतीला न्यावं लागलं. जागा थोडी कमी झाली, सरांनी कुरकुर केली, सुनंदाबाईंनी ती ऐकून घेतली नाही. खाली बोटभर गाइडऐवजी भिंतीलगत लांब पट्टी ठोकली, पायात येणार नाही अशी.

आणि आगळ. सागाचा जुना तुकडा माझ्याकडे होता, त्याची वीतभर जाडजूड फळी केली. एका टोकाला बोल्टवर फिरणारी. दार लागलं की पल्ल्याच्या मागं ती आपल्याच वजनानं पडते आणि पल्ल्याला मागं जायला वाट राहत नाही. तिला बोटं लागत नाहीत. तळहातानं खाली पाडायची, तळहातानं वर करायची.

इथं सर अडून बसले. "मिस्त्री, आत माय पडली तं? चक्कर आली तं? बाहेरून उघडाले काही तं पायजे."

हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे आणि तो मी विसरलो नव्हतो. संडास-न्हाणीचं दार बाहेरून उघडता आलंच पाहिजे. मी म्हटलं, भिंतीला बारीक छिद्र पाडतो. त्यातून सायकलचा स्पोक घातला की आगळ वर होते.

माय म्हणाली, "बाहेरून उघडते ते दार कायचं?"

यावर आई-मुलाचं जुंपलं. सर डॉक्टरचं सांगत होते, माय शिरपूरचं. दोघंही खरं बोलत होते, म्हणून कोणी हटेना. मी आणि सुनंदाबाई पल्ल्याच्या दोन बाजूंना उभे. शेवटी सर "माय, तू आत पडली अन् मी बाहेर उभा राहून काय करू सांग," म्हणाले आणि पाठ फिरवून पायरीवर बसले. मास्तर माणसाला असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मायनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "पाड छेद. पन तो स्पोक पोरापाशी नोको. सुनंदापाशी राहीन."

छिद्र पाडलं. स्पोकचं एक टोक वाकवून मूठ केली. मग मायनं परीक्षा घेतली. ती आत गेली, दार ओढलं, लोटलं, आगळ खट्‌दिशी पडली. आतून आवाज आला, "वढ रे!" सरांनी ओढलं. "जोरानं वढ! जेवला नाहीस काय?" सरांनी दोन्ही हात लावले, मीही लावले. ट्रेलर हलला, दार हललं नाही. मग आतून हुकूम आला, "आता सुनंदा." सुनंदाबाईंनी स्पोक घातला, आगळ उठली, दार उघडलं. माय बाहेर आली आणि घरात निघून गेली. चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

महाडला निघायच्या दिवशी सकाळी मी आपला गेलो, चाकं-चॅनेल एकदा पाहून घ्यावं म्हणून. हे बायकोला सांगितलेलं कारण. खरं तर माय जीपमध्ये बसते का, ते मला पाहायचं होतं.

ती बसली होती. नवं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. शेजारीपाजारी निरोपाला जमले होते. सर जीपमागं ट्रेलरची जोडणी पाहत होते आणि उगाच पुन्हा पुन्हा पाहत होते. सुनंदाबाईंनी तांब्या आणि ग्लास आणला आणि खिडकीशी धरला. आदल्या सांजेपासून मायनं पाण्याला हात लावला नाही, हे त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं. आत बसली तरी काय उपयोग? कोरडीच निघाली तर पुन्हा कुठंतरी मांडवात पडणार. माझं दार, माझी आगळ, सगळं बाभळीखालची शोभा.

मायनं ग्लासाकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या ट्रेलरकडे पाहिलं. मग ग्लास घेतला आणि एका दमात प्याली. दुसरा मागितला, तोही प्याली. सर जोडणी सोडून उभे राहिले होते.

"असं काहून पाहून राह्यले सारे?" माय म्हणाली. "पान्याच्याच गावाले चाललो ना आपन? मंग मी काय कोरड्या तोंडानं जाऊ?"

तिनं ग्लास सुनंदाबाईंपुढं केला, तो पुन्हा भरून घेतला. मला वाटलं तिसराही पिते की काय. तिनं तो खिडकीतून माझ्या हातात दिला.

"घे," म्हणाली. "हे तुह्या बापाच्या वाटचं."